बुंदीच्या मुतखड्याची हकिकत

अहो वहिनी, तोडा की हवा तेवढा कढीपत्ता, विचारताय काय! फांदी तुमच्या अंगणात आली की ती तुमचीच. खालची कोवळी पानं घ्या, वरच्या शेंड्याला मावा लागलाय. आणि काल भिशीत काय बोलणं झालं ते मला कळलंय बरं का. मी आले नाही म्हणून विषय आमच्या घरचा निघाला. "मिरजेच्या लॅबमध्ये आयुष्य घालवलेली शहाणी बाई, आणि उंदराच्या ऑपरेशनला गाडी करून पुण्याला गेली!" कोण म्हणालं ते विचारत नाही. त्या 'शहाणी'वरनंच ओळखलं मी.

उंदीर नव्हे हो, गिनीपिग. शेपूट बघितलंय कधी तिला? ना शेपूट, ना भिंतीवर चढणं, ना कपाटात शिरून साड्या कुरतडणं. मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं जनावर. पेरू देशात लोक आजही घरात पाळतात आणि सणावाराला खातात. हे आमच्या ह्यांना कुठूनसं कळलं, तेव्हापासून बुंदीनं फार कुईकुई केली की म्हणतात, "पेरूचं तिकीट काढू का?" तोंडानं हे असं. आणि पहाटे उठून तिच्यासाठी काकडी चिरतात तेही हेच.

लेकीनं आणलेल्या त्या दोघी, बुंदी आणि रेवडी. बारावीत असताना हट्ट केला. मग बाईसाहेब शिकायला पुण्याला, तिथनं नोकरीला बेंगळुरूला, आणि पिंजरा राहिला आमच्या मागच्या पडवीत. तुमच्याकडे नाही का लेकाचा कुत्रा राहिला! आता बुंदी सहा वर्षांची आहे. ह्या जातीचं आयुष्य पाच ते आठ वर्षांचं, म्हणजे म्हातारीच म्हणायची. इंग्लंडात एक चौदा वर्षं दहा महिने जगलं, 1979 साली गेलं, त्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकात आहे. पण असं एखादंच.

तर झालं काय, पिंजऱ्यात अंथरतो त्या जुन्या धोतराच्या फडक्यावर गुलाबी डाग दिसायला लागले. आता गिनीपिगची लघवी आपल्यासारखी स्वच्छ नसतेच. गढूळ असते, वाळली की पांढरा थर राहतो. अंगातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकायची ह्यांची रीतच आहे. कधी कधी नुसत्या रंगद्रव्यानं तांबूसही होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. म्हणून मी आधी पट्टी बुडवून बघितली. हो, तीच, आपल्या लघवीच्या तपासणीची. नोकरी संपली तरी हाताची सवय जात नाही. पट्टीनं रक्त दाखवलं. शिवाय बुंदी पाठ वर काढून बसायला लागली होती आणि लघवी करताना बारीक किंचाळायची. एरवी फ्रीजचं दार उघडलं की ती जी शिट्टी मारते ती वेगळी, हा आवाज वेगळा. तुमच्या सासूबाईंना पण ऐकू आला होता, म्हणाल्या होत्या, "तुमच्या पडवीत कोण रडतंय?"

गावातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. माणूस भला. अडलेल्या म्हशीच्या पोटातून मध्यरात्री रेडकू काढून देणारा. पण अख्खा दवाखाना गाई-म्हशींचा, त्यात हे किलोभराचं प्रकरण. बघितलं, म्हणाले संसर्ग दिसतोय, आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. मी चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, "डॉक्टर, हे नको."

अहो, लहान मुलांना आपण सर्रास देतो ते औषध. पण पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध गिनीपिगच्या पोटात गेलं की आतड्यातले कामाचे जंतू मरतात, वाईट जंतू माजतात आणि त्यांच्या विषानं जनावर काही दिवसांत जातं. 1940च्या दशकापासून माहीत असलेली गोष्ट आहे ही. आणि गंमत बघा, ऑक्सफर्डला 1940च्या मे महिन्यात पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा झाली ती उंदरांवर. खऱ्या उंदरांवर हं, तुमच्या भिशीतल्या नव्हे. गिनीपिग घेतले असते तर ते औषध तिथंच विष ठरून बाजूला पडलं असतं.

डॉक्टरांना राग नाही आला. उलट म्हणाले, "बरं झालं बोललात, आमचा हात गुरांवर बसलेला." लगेच वर्गमित्राला फोन लावला, तो पुण्यात ससे, कासवं, पोपट असले पेशंट बघतो. दुसऱ्या एखाद्यानं "डॉक्टर तुम्ही की मी?" म्हणून वाटेला लावलं असतं. ह्या माणसाला मी म्हणून मानते.

काय म्हणता, मला एवढं कसं माहीत? वहिनी, मी शिकत होते तेव्हा क्षयाचं निदान पक्कं होईना की गिनीपिग लागायचा. पेशंटची थुंकी नाहीतर लघवी त्याच्या मांडीत टोचायची, सहा आठवडे थांबायचं, मग कापून आत गाठी आल्यात का बघायच्या. कॉखनं 1882 साली क्षयाचा जंतू दाखवला तेव्हापासूनची ती पद्धत. गुप्तरोगाच्या जुन्या वॉसरमन तपासणीतही ह्यांच्याच रक्तातलं सीरम लागायचं. आमच्या सरांच्या टेबलामागं पिंजऱ्यांची रांग असायची. दिवसभर त्या शिट्ट्या कानावर. आम्ही पोरी त्यांना नावं ठेवायचो नाही, ठेवायचीच नसतात. म्हणून लेकीनं जेव्हा दोघींना नावं ठेवली तेव्हा मला जरा कसंतरीच झालं होतं.

आणि ते 'क' जीवनसत्त्व! आपल्या अंगात ते तयार होत नाही, तसंच ह्यांच्याही होत नाही. कुत्र्यामांजरांच्या होतं, खऱ्या उंदराच्या होतं, माणूस आणि गिनीपिग मात्र बाहेरून घेणारे. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिक म्हणून दोघं होते, 1907 साली त्यांनी खलाशांच्या दुसऱ्याच एका रोगासाठी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना झाला स्कर्व्ही. हिरड्यांतून रक्त, सांधे दुखरे. तिथनं सगळा शोध लागत गेला. पुढं सेंट-ज्यॉर्जी नावाच्या हंगेरीच्या माणसानं हे जीवनसत्त्व गिनीपिगवर सिद्ध केलं आणि ते ढिगानं काढलं कशातून, तर मिरचीतून! 1937 साली नोबेल मिळालं. म्हणून मी बाजारात ढोबळी मिरची निवडत बसते. तुम्ही हसता, पण बुंदीला रोज किलोमागं दहा ते तीस मिलिग्रॅम लागतं, आजारपणात त्याहून जास्त. ढोबळी मिरची, पेरूची फोड, कोथिंबिरीच्या चार काड्या. पाण्यात थेंब टाकून ठेवले तर ते लवकर उडून जातं, उपयोग नाही. म्हातारं गिनीपिग लंगडायला लागलं की लोक म्हणतात वय झालं. आधी मिरची देऊन बघा म्हणावं.

थांबा, शिट्टी झाली वाटतं तुमच्या कुकरची. तिसरी? मग जाऊन या, मी आहे इथंच.

हां. तर पुण्याला एक्स-रे काढला आणि पिशवीत खडा, तुरीच्या डाळीएवढा. कॅल्शियमचा खडा एक्स-रेत पांढरा लख्ख दिसतो, शोधावा लागत नाही. माणसाचा मुतखडा बहुतेक ऑक्झलेटचा असतो, ह्यांचा बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा. तेव्हा तुम्ही सांगितलेली पानफुटीची पानं आणि कुळथाचं कढण हे माणसांपुरतंच ठेवूया. आणि कोपऱ्यावरच्या भाऊजींनी बिअर सुचवली होती, तीही त्यांनीच घ्यावी. घेतातच म्हणा.

खडा आला कुठून, तर मोठा वाटा चाऱ्याचा. दुकानदारानं पहिल्या दिवशी सांगितलेलं, "सशाला घालतो तोच मेथीघास घाला, तगडी होतील." लसूणघास हो, मंडईबाहेर पेंढ्या बांधून विकतात ना, तोच. दुभत्या जनावराला उत्तम, कारण कॅल्शियम भरपूर. साध्या गवताच्या दुपटी-तिपटीनं असतं. वाढत्या पिल्लालाही चालतं. पण मोठ्या गिनीपिगला रोज तेच घातलं तर ते कॅल्शियम जाणार कुठं? पालकाचंही तेच. सगळा दोष घासाला देऊन चालत नाही, पाणी कमी पिणं, हालचाल कमी, एखाद्याची प्रकृतीच खड्याची, असं बरंच असतं. पण घास आपल्या हातातला, म्हणून तो बंद. आता मारवेल आणतो वाळवलेला, आणि हरळी. गणपतीत दूर्वांच्या जुड्या उरतात त्या आमच्याकडे येतात, हे तुम्हाला माहीतच आहे. गवत मात्र सुटता कामा नये. ह्यांचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे आणि दाढाही. चोवीस तास गवत चघळलं तरच झिजतात. नाहीतर खालच्या दाढा आत वाकून जिभेवर कमान धरतात आणि समोर अन्न असून जनावर उपाशी.

आता ऑपरेशनचा निर्णय. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, खडा बाहेरच्या तोंडाशी आला असता तर चिमट्यानं निघाला असता. आमचा आत पिशवीत बसलेला. म्हणजे पोट उघडून पिशवी उघडायची. न करावं तर रोज वेदना, आणि कधीतरी मार्ग अडला की लघवी बंद आणि खेळ खल्लास. डॉक्टरांनी भूल देण्याचं सगळं स्पष्ट सांगितलं. मला आवडलं ते. ब्रिटनमध्ये मोठी पाहणी झाली होती, 2008 साली छापली गेली. भुलीखाली किंवा त्यानंतर दोन दिवसांत कुत्रे दगावतात ते हजारात दोनही नाहीत. मांजरं हजारात दोन-अडीच. ससे शंभरात एक-दीड. आणि गिनीपिग शंभरात जवळजवळ चार! ह्यात धडधाकट आणि आजारी सगळेच धरलेले, पण आकडा आकडा आहे.

का म्हणून विचारलं. तर एक म्हणजे अंग एवढंसं, भुलीत झपाट्यानं गार पडतं. घशाची रचना अशी की मागचं भोक अगदी अरुंद, श्वासनलिकेत नळी घालणं महाकठीण, बहुतेकदा मुखवट्यावरच गॅस द्यावा लागतो. शीर सापडत नाही. पोटात भलंमोठं आतडं, ते फुप्फुसावर दाबतं. शिवाय दुखणं लपवायची जात. रानात ज्याला सगळेच खायला टपलेले असतात, त्याला कण्हून परवडत नाही. म्हणून दवाखान्यात येतात तेव्हाच अर्धे संपलेले असतात. आणि बऱ्याच जनावरांत धोका टेबलावर कमी, उतरल्यावर जास्त. मांजरं आणि ससे तर निम्म्याहून जास्त नंतरच्या तासांत जातात. मिरजेला माणसं ऑपरेशनला आणतात तेव्हा सगळे सर्जनचं नाव विचारतात. आमच्या लॅबमध्ये आम्ही म्हणायचो, भूल देणाऱ्याचं विचारा, आणि रात्रपाळीची सिस्टर कोण ते विचारा.

ह्यांचं मत होतं नको. "वय झालंय, सुखानं जाऊ दे." मी म्हटलं, सुखानं कुठं जातेय, किंचाळतेय ती. लेक फोनवर रडत, "आई, काहीही कर." काहीही म्हणजे काय ते तिला करायचं नव्हतं! डॉक्टरांनी वय नाही विचारलं फारसं. विचारलं, "खाते का? वजन किती घटलंय?" माझ्याकडं वही होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी दोघींचं वजन, तारखेसकट. साडेनऊशे ग्रॅमवरनं नऊशेला आलेली, पण गवत ओढत होती, लेंड्या टपोऱ्या होत्या. ते म्हणाले, खाणारी आहे तोवर करू, खाणं सुटल्यावर आणली असतीत तर मीच नको म्हटलं असतं. माझं मत विचाराल तर निर्णय त्या वहीनं झाला, आमच्या तिघांच्या वादानं नव्हे.

आणि उपाशी? छे! तिथंच तर सगळे फसतात. आपल्याला रात्री बारानंतर पाणी नाही, कुत्र्यामांजरांना पण उपास. कशासाठी, तर भुलीत उलटी होऊन श्वासात जाऊ नये. गिनीपिगला उलटी करताच येत नाही. आणि त्याचं आतडं सतत हलतं ठेवावं लागतं, रिकामं राहिलं की थांबतं, थांबलं की गॅस धरतं, आणि मग ते परत चालू करणं फार अवघड. म्हणून शेवटपर्यंत गवत समोर. फक्त भुलीच्या थोडं आधी काढून घेतात आणि तोंडातला चोथा पुसतात, तो घशात जाऊ नये म्हणून.

गाडी पहाटेच काढली. एप्रिलचं ऊन, आणि गिनीपिगना सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर त्रास सुरू. सांगलीत तेवढं तर रात्री बारालाही असतं! आणि रेवडीला पण नेलं सोबत. तुम्ही त्यालाच हसलात ना सगळ्या, एका पेशंटला नातेवाईक म्हणून दुसरी? अहो, एकटं ठेवलं की हे प्राणी खाणं टाकतात. स्वित्झर्लंडात तर एकटा गिनीपिग पाळायला कायद्यानंच बंदी आहे. शिरवळला चहाला थांबलो तर टपरीवाला डोकावून म्हणाला, "जुळ्या का?" तिथंच हमरस्त्यावर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यानं रोज गाड्यांतनं काय काय बघितलं असेल. परळचं मुंबईचं कॉलेज तर 1886चं. पण शिक्षणाचा भर सगळा घोडे, गुरं, शेळ्या-मेंढ्या यांच्यावर, आणि ते बरोबरच आहे, पोट त्यावर आहे लोकांचं. गिनीपिग पेशंट म्हणून यायला लागला तो आत्ता आत्ता. एवढी वर्षं तो दुसऱ्यांच्या औषधासाठी यायचा.

ऑपरेशन तासाभरात झालं. त्याचं काही सांगण्यासारखं नाही, आम्ही बाहेर बाकावर. खडा डबीत घालून दिला, आहे माझ्याकडे, दाखवीन. ह्यांनी तो भिशीच्या दिवशी चहाबरोबर फिरवायचा बेत केला होता.

खरं काम घरी आल्यावर. भूल उतरली म्हणजे संपलं नाही. बुंदी आपणहून खाईना. मग गवताच्या भुकटीचं तयार खाणं मिळतं, ते कोमट पाण्यात कालवून सुई काढलेल्या सिरिंजनं भरवायचं. तोंडात समोरून नाही, कडेनं, पुढच्या दातांच्या मागून, एकेक घोट, ती चावतेय गिळतेय बघत. पुढून जोरात ढकललं तर फुप्फुसात जातं. दर थोड्या तासांनी, रात्री पण. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात रात्री दोनला दिवा. तुमच्या सासूबाईंनी सकाळी विचारलं होतं, "ह्यांना छातीत दुखलं का हो?" ह्यांना काय होतंय! मांडीवर टॉवेल, टॉवेलात बुंदी, चष्मा नाकावर. आमच्या दोन्ही बाळंतपणांत हा माणूस एकदा रात्री उठला नव्हता, ते मी तेव्हाच बोलून घेतलं.

दुखण्यावर मेलॉक्सिकॅमचे थेंब. ते मात्र चुकवायचं नाही. पोट दुखत असेल तर कोण जेवेल? आपण जनावराला दुखणंबिखणं नसतं असं धरून चालतो आणि मग ते खात नाही म्हणून हैराण होतो. अँटिबायोटिक दिलं, पण चालणाऱ्यातलं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला, नको असेल तर सरकता येईल अशी. आणि लेंड्या मोजायच्या. हो, मोजायच्या! लॅबमध्ये दुसरं काय केलं मी जन्मभर? लेंड्या कमी, बारीक, टोकदार झाल्या की समजायचं आतडं मंदावलं. आणि एक दिवस सिरिंज धुऊन आणेपर्यंत बघते तर बाई कोथिंबिरीची काडी ओढतायत. ह्यांनी लेकीला रात्रीच फोन लावला, तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी.

बाकीही आहेच. दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेत, ते अंडाशयातल्या गाठींचं लक्षण. पाण्याच्या गाठी असतात, वय झालेल्या पुष्कळ माद्यांत निघतात. तरुण असती तर गर्भाशयासकट काढून टाकलं असतं. ह्या वयात, एका मोठ्या ऑपरेशनच्या पाठीवर दुसरं, डॉक्टर नको म्हणाले आणि मलाही पटलं. संप्रेरकाच्या इंजेक्शनाचा एक मार्ग आहे, बघू. पाठीवर एक गाठ होती तिच्यात सुई घालून तपासलं, केसाच्या मुळाशी होणारी साधी गाठ निघाली. तिला हात लावला नाही. सगळंच दुरुस्त करायला निघालं की जनावर दुरुस्त होतं आणि जगत नाही.

पैशांचं बोलायचं तर सरळ बोला. आणली होती काही शेकड्यांत, बिल झालं हजारांत. किती हजार ते भिशीत ठरलंच असेल, गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आकडा तिप्पट होतो. सोसायटीच्या कमानीला टाइल्स लावल्या त्याहून कमी झाले, एवढं सांगते. ज्याला परवडत नाही त्यानं करू नये, त्यात कमीपणा नाही. वेदना न होता झोपवून देणं हाही उपचारच आहे, आणि डॉक्टर ते नीट करतात. घरी तडफडत ठेवणं मात्र नको, आणि "देवाच्या मनात असेल तेव्हा" म्हणून तर मुळीच नको.

खडा परत झाला तर? होतो, पुष्कळदा होतो, खड्याची ती जातच. आमचं ठरलंय, परत पोट उघडायचं नाही. औषधानं जेवढं बरं राहील तेवढं, आणि खाणं सुटलं की डॉक्टरांना सांगायचं. लेकीला पण सांगून ठेवलंय. ती रडली, मग हो म्हणाली.

आता तुमच्या इचलकरंजीच्या भाच्याचं. त्याचा गिनीपिग पाच वर्षांचा आहे ना, आणि गाठ मानेखाली? मग ती आमच्या पाठीवरच्या गाठीसारखी धरून चालू नये. मानेखालची गाठ बरेचदा पू धरलेली असते, जंतूची. नुसतं फोडून पिळून भागत नाही, पू घट्ट असतो, पिशवीसकट काढावी लागते. किंवा दुसरंही काही असू शकतं, म्हणून आधी सुईची तपासणी. त्याला म्हणावं आजपासून वजन लिहून ठेव, औषधाच्या चिठ्ठीवरचं नाव वाच आणि जोडीदार असेल तर बरोबर ने. आणि डॉक्टर ठरवायच्या आधी दवाखान्यात फोन करून एकच विचार, ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? "हो, रात्रभर काही देऊ नका" असं उत्तर आलं, तर फोन ठेव आणि दुसरा डॉक्टर शोध.